पिंजऱ्यातला वाघ आणि संकलकाची कात्री

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात रविवारी वाघाच्या आवारासमोर उभं राहायला जागा मिळत नाही. वाघ कडेकडेने चालत येतो, ठरलेल्या जागी वळतो आणि त्याच वाटेने परत जातो. या एकाच वाघावर दोन माहितीपट करता येतील. पहिल्यासाठी कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावायची, म्हणजे मागची झाडी धूसर होते आणि आवार आहे त्याहून अरुंद भासतं. चार फेऱ्या सलग जोडायच्या, खाली संथ व्हायोलिन. दुसऱ्यासाठी कॅमेरा उंचावर न्यायचा, झाडं, पाणी आणि १३० एकरांचा परिसर दाखवायचा, फेरी एकच ठेवायची आणि वाघाची देखभाल करणाऱ्याला जिव्हाळ्याने बोलू द्यायचं. दोन्हींत एकही दृश्य खोटं नाही. पहिला पाहिलेला माणूस प्राणिसंग्रहालयं बंद करा म्हणेल आणि दुसरा पाहिलेला पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन येईल.

येरझाऱ्या दिसल्या की आपण दुःख ओळखतो, आणि त्यात तथ्य आहे. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांचं २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन सांगतं की, निसर्गात ज्या मांसभक्षकांचा वावर मोठ्या टापूत असतो, त्यांच्यात बंदिवासातल्या येरझाऱ्या आणि पिल्लांचे मृत्यू जास्त दिसतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारं नेहमीचं आवार त्याच्या किमान वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढं असतं. पण मेसन यांनीच पुढच्या वर्षी नाओमी लॅथम यांच्यासोबत एक गुंतागुंत पुढे आणली. येरझाऱ्या कधी जुन्या, वाईट दिवसांचा उरलेला व्रण असतात, म्हणजे जागा सुधारली तरी सवय राहते. शिवाय एकाच वाईट जागेतल्या प्राण्यांपैकी फेऱ्या मारणारा बरा आणि कोपऱ्यात निपचित पडलेला जास्त खचलेला, असंही असू शकतं. निपचित पडलेल्या प्राण्यावर मात्र कॅमेरा फार वेळ थांबत नाही. पडद्यावर काही घडत नाही, म्हणून तो संकलनात गळतो.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकणाऱ्याला कुलेशॉव्हचं नाव लवकरच कानावर पडतं. या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला. प्राण्यांच्या बाबतीत हे तंत्र आणखी चालतं, कारण त्यांचे चेहरे वाचायची आपल्याला सवयच नसते. डॉल्फिनचं हसू घ्या. ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे. तो आजारी असतानाही तसाच दिसतो आणि मेल्यावरही. खेळ करणाऱ्यांनी तेच हसू तिकिटावर छापलं. बंदिवासाविरुद्धचे माहितीपट त्याच चेहऱ्याशेजारी रिकामी काँक्रीटची टाकी जोडतात आणि आपल्याला तिथे वेदना दिसते. आवाजाचंही तेच. वन्यजीवांचं बरंचसं चित्रण दुरून होतं, त्यामुळे पावलांचे, पाण्याचे, हाडं मोडल्याचे आवाज पुष्कळदा नंतर स्टुडिओत तयार करून बसवलेले असतात.

सगळ्यांत प्रभावी ठरतं ते नाव. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दिली, काहींना रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट. रोकियासाठी दुपटीहून जास्त पैसे निघाले. तिच्या गोष्टीला आकडेवारी जोडली, तेव्हा देणगी पुन्हा घसरली. म्हणून माहितीपट ‘बंदिवासातले देवमासे’ या विषयावर नसतो, तो एका तिलिकुमवर असतो.

‘ब्लॅकफिश’ (२०१३) या माहितीपटातला हा तिलिकुम नावाचा ओर्का, म्हणजे ‘किलर व्हेल’, लहानपणीच, १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला गेला आणि पुढे सागरी प्राण्यांचे खेळ करणाऱ्या सीवर्ल्ड या अमेरिकी कंपनीकडे आला. २०१० मध्ये त्याने डॉन ब्रँशो या अनुभवी प्रशिक्षिकेचा जीव घेतला. चित्रपटात एक वृद्ध पाणबुडा पिल्लं पकडल्याची आठवण सांगताना गहिवरतो. ती पकड १९७० ची, वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरची. तिचा तिलिकुमशी थेट संबंध नाही. चित्रपट हे लपवत नाही, पण पाहणाऱ्याच्या मनात ते सगळं दुःख तिलिकुमच्या खात्यावर जमा होतं. कंपनीने मुलाखत नाकारली, हे शेवटी पडद्यावर येतं, आणि तोपर्यंत आपल्याला ते मौन म्हणजे कबुलीच वाटू लागलेलं असतं.

तरी या चित्रपटाचा निष्कर्ष मला बरोबर वाटतो. जे ओर्का निसर्गात आयुष्यभर आईभोवतीच्या कळपात राहतात आणि दिवसभरात कित्येक किलोमीटर पोहतात, त्यांना टाकीत ते देता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे एक तृतीयांश कोसळला आणि मार्च २०१६ मध्ये तिने ओर्कांचं प्रजनन थांबवलं. याचं सगळं श्रेय चित्रपटाला देणं मात्र घाईचं आहे. प्रशिक्षकांच्या सुरक्षेचा खटला आधीपासून चालू होता, कॅलिफोर्नियात कायद्याचा मसुदा आला होता, कार्यकर्ते कैक वर्षं झगडत होते. भारताने तर मे २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांना मनाई केली. तेव्हा ‘ब्लॅकफिश’ चित्रपटगृहांत लागायचा होता.

माहितीपटाची पकड मला सगळ्यांत धोक्याची वाटते ती शेवटाला. दार उघडतं, प्राणी जंगलात धावत जातो, संगीत चढतं. केइको हा ओर्का १९९३ च्या एका गाजलेल्या चित्रपटात ‘मुक्त’ झाला. मग लोकांच्या रेट्यामुळे त्याला खरोखर समुद्रात सोडायचं ठरलं. २००२ मध्ये तो पोहत नॉर्वेला पोहोचला, तिथेही माणसांच्याच आसपास राहिला आणि डिसेंबर २००३ मध्ये मेला.

आपल्या जुन्नरमध्ये हाच शेवट माणसांना भोवला. २००१ नंतर इथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत आणि आसपासच्या वनक्षेत्रांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. ओळखीचा टापू सुटलेला, पिंजऱ्याच्या ताणातून आलेला बिबट्या परक्या गावाजवळ उतरला की काय होतं, हे त्या आकड्यात आहे.

माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात असे बिबटे आहेत ज्यांना आता सोडता येत नाही. त्यांच्या गजांचं चित्रण कुणीही करेल आणि ते पाहून पोटात कालवेलही. तिथे माहितीपट करणाऱ्याने त्या गजांइतकाच वेळ उसाच्या फडाला द्यावा, जिथे बिबट्यांच्या काही पिढ्या जन्मल्या. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला द्यावा. १७ चा आकडा पडद्यावर वाचता येईल एवढा थांबवावा. आणि एक बिबट्या दिवसभरात किती तास फेऱ्या मारतो, किती तास झोपतो, तेही मोजून सांगावं.