फॉस्फरसचं खातं: पुण्याच्या सांडपाण्यासाठी क्रेडिटचा बाजार कसा मांडावा

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं आणि भीमेतून उजनीत. पिंपरी-चिंचवडचं पवना आणि इंद्रायणीतून शेवटी तिथेच पोचतं. उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या आसपासचा साठा मृत. उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याची बातमी येते तेव्हाही तळाशी भलं मोठं तळं उरलेलं असतं, आणि वरून आलेलं बरंच काही तिथेच साचून राहतं.

त्यात सगळ्यात चिवट फॉस्फरस. सेंद्रिय घाण वाटेत जिवाणू खातात, नायट्रोजनचा काही भाग वायू होऊन हवेत निघून जातो. फॉस्फरसला हवेत जायची वाटच नाही. 1 किलो फॉस्फरसवर कोरड्या वजनाने शंभर किलोहून जास्त शेवाळ पोसलं जातं आणि ते कुजताना सुमारे 140 किलो ऑक्सिजन ओढून घेतं. त्यामुळे पुणे परिसरात जलप्रदूषणाच्या क्रेडिटची योजना करायचीच असेल तर ती फॉस्फरसची करावी आणि हिशेब उजनीच्या तोंडाशी मांडावा, असं आमचं मत आहे.

कल्पना थोडक्यात अशी. सगळ्यांनी मिळून वर्षाकाठी नदीत किती फॉस्फरस सोडायचा याची एक कमाल मर्यादा ठरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिचा एक हिस्सा येतो. वाट्यापेक्षा कमी सोडणाऱ्याला फरकाएवढी क्रेडिट मिळतात. ज्याला तेवढी घट करणं फार महाग पडतं, तो ती विकत घेतो. नदी स्वच्छ होते ती मर्यादेमुळे. खरेदी-विक्रीने ती मर्यादा पाळणं स्वस्त पडतं, एवढंच. मर्यादा ढिली ठेवून नुसताच बाजार उघडला, तर ज्याला-त्याला फुकटात क्रेडिट मिळतात आणि पाणी होतं तसंच राहतं.

बीओडीचा बाजार का नको? बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातून ओढला जाणारा ऑक्सिजन. त्याचा त्रास स्थानिक असतो. नाला नदीला मिळतो तिथून काही अंतर खाली ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो आणि मासे तिथेच मरतात. दुसरीकडे कुठे तरी बीओडी कमी केल्याने त्या जागेला काही मिळत नाही. क्रोमियम, निकेल, सायनाइड यांना तर बाजाराच्या दारातही उभं करू नये. भोसरीच्या नाल्यात विष वाढलं आणि चाकणला घटलं, तर भोसरीच्या नाल्याला त्याचं काय?

मिलिग्रॅम सोडा, किलो धरा

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या बहुतेक मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. बाजाराला त्या पुरत नाहीत, कारण पाणी मिसळून तीव्रता उतरवता येते, वजन उतरत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती एककाची: किलो प्रतिदिन. प्रवाह एमएलडीत (दशलक्ष लिटर प्रतिदिन) घ्या, त्याला मिलिग्रॅम प्रति लिटरने गुणा, उत्तर थेट किलोत येतं. 100 एमएलडी पाणी, 4 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे रोज 400 किलो.

घरगुती सांडपाण्यात फॉस्फरस साधारण 4 ते 8 मिलिग्रॅम असतो. नेहमीच्या जैविक शुद्धीकरण केंद्रात त्यातला जेमतेम पाव हिस्सा गाळाबरोबर निघतो. इकडे तळ्याची सहनशक्ती किती? लिटरमागे 35 मायक्रोग्रॅमच्या वर तळं अतिपोषित (शेवाळ माजण्याइतकं पोषण असलेलं) मानतात, 100 च्या वर गेलं की अवस्था वाईट. 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. केंद्रातून ‘चांगलं’ म्हणून सोडलेलं पाणीही तळ्याच्या मानाने निदान तीसपट जड असतं.

म्हणून मर्यादा तळ्याकडून उलटी काढत यावी. धरणात वर्षाला किती पाणी येतं, ते किती दिवस थांबतं, किती फॉस्फरस तळाशी बसतो, यावरून वर्षाला किती टन चालेल हे निघतं. त्यातून शेतातून आणि जंगलातून येणारा हिस्सा वजा करायचा आणि थोडा राखीव ठेवायचा. उरलेला वाटायचा. नव्या वसाहतींना फुकट वाटा देऊ नये. वाघोली किंवा हिंजवडीच्या बाजूला नवं केंद्र झालं, तर त्याने जुन्यांकडून क्रेडिट घ्यावी. मर्यादा दरवर्षी किती उतरणार हे दहा वर्षांचं आधीच जाहीर करावं, नाही तर कोणी यंत्रात पैसे घालत नाही.

एक सौदा, आकड्यांनिशी

आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. शहराच्या खालच्या अंगाला 100 एमएलडीचं मोठं केंद्र आणि वरच्या अंगाला 20 एमएलडीचं छोटं. दोघांच्याही पाण्यात 4 मिलिग्रॅम फॉस्फरस, दोघांनाही मर्यादा 2 मिलिग्रॅमइतकी. मोठ्याने रोज 400 चे 200 किलो करायचे, छोट्याने 80 चे 40.

छोट्याकडे नवी टाकी बांधायला जागा नाही, जुनी रचना बदलणं परवडत नाही. मोठं केंद्र मात्र दीड मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 150 किलोवर उतरू शकतं. 50 किलो जास्तीचे वाचतात. आता अंतराचा गुणक. मोठ्याच्या दर किलोतले 0.9 किलो धरणापर्यंत पोचतात, छोट्याच्या किलोतले 0.75, असं धरू. मोठ्याची बचत धरणाशी 45 किलो भरते, छोट्याची तूट 30 किलो. त्यावर 10 टक्के विम्यासारखे जास्त घ्यायचे, म्हणजे 33. सौदा होऊन मोठ्याकडे 12 शिल्लक राहतात आणि धरणावरचा एकूण भार दोघांनी आपापली मर्यादा पाळली असती त्याहून कमीच होतो.

पण छोट्या केंद्रापासून मोठ्यापर्यंतच्या पट्ट्यात नदीत काय येतं? पूर्वीइतकाच फॉस्फरस, आणि जलपर्णी तिथे तशीच माजते. म्हणून प्रत्येक केंद्राला एक किमान अट घालावी लागते: क्रेडिट कितीही घ्या, अमुक मिलिग्रॅमच्या वर पाणी सोडायचं नाही. शक्य असेल तिथे विकणारा वरच्या बाजूचा आणि घेणारा खालचा असावा.

मोठ्या केंद्रालाही हे फुकट पडत नाही. फॉस्फरस बसवायला फेरिक क्लोराइड घालतात. कागदावर 1 किलो फॉस्फरसला 5.2 किलो पुरतं, प्रत्यक्षात दीडपट, म्हणजे सुमारे 8 किलो धरावं. अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली जायचं तर डोस झपाट्याने वाढत जातो. डोस वाढला की पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, अमोनियावर काम करणारे जिवाणू मंदावतात आणि फॉस्फरस विकता विकता अमोनिया वाढवून बसायची पाळी येते. शिवाय गाळ वाढतो, तो पिळणारं यंत्र अपुरं पडतं. क्रेडिट देताना अमोनिया आणि गाळाची नोंद मागावी ती एवढ्यासाठी.

मोजणी चुकली की सगळं खोटं

एका बाटलीत दुपारी भरलेला नमुना हा दिवसाचा नमुना नव्हे. सकाळच्या गर्दीत येणारं पाणी आणि पहाटे तीनचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून 24 तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेला नमुना लागतो. तो सल्फ्युरिक आम्लाने सामू 2 च्या खाली आणून 4 अंशांवर ठेवायचा. मग 28 दिवसांपर्यंत टिकतो. बाटली साध्या साबणाच्या पावडरीने धुतली तर त्यातला फॉस्फेटच नमुन्यात उतरतो. ती फॉस्फेट नसलेल्या साबणाने आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावी. आणि चाचणी ‘एकूण’ फॉस्फरसची हवी. नुसता विरघळलेला फॉस्फेट मोजला की गाळाच्या कणांना चिकटून वाहून गेलेला भाग हिशेबातून सुटतो.

प्रवाहाची गत आणखी नाजूक. बऱ्याच ठिकाणी पाण्याची उंची मोजून त्यावरून प्रवाह काढतात. व्ही-आकाराच्या खाचेत प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. उंचीत 5 टक्के चूक म्हणजे प्रवाहात 13 टक्के. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी मागे तुंबतं, खाच बुडते, मापक फुगवलेला आकडा दाखवतो. नेमक्या त्याच दिवसांत केंद्राला बगल देऊन कच्चं सांडपाणी नदीत सोडलं जाण्याची शक्यता जास्त. खरं तर बगल-नळीच्या झाकणावर बसवलेला साधा, वेळ नोंदवणारा सेन्सर महागड्या ऑनलाइन यंत्रापेक्षा जास्त सांगून जातो.

सोसायट्यांच्या केंद्रांचं काय? 200 सदनिका, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर: रोज 135 घनमीटर. लिटरला 5 मिलिग्रॅम धरले तरी पाऊण किलोही फॉस्फरस भरत नाही. एवढ्यासाठी 24 तासांचा नमुना घ्यायचा खर्च क्रेडिटच्या किमतीपेक्षा जास्त होतो. शिवाय बांधकाम परवानगीच्या अटीमुळे जे केंद्र चालवायलाच हवं, ते चालवल्याबद्दल क्रेडिट कसलं? कायद्याने बंधनकारक असलेलं काम बाजारात विकता येत नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळावा.

शेतीचा मामला वेगळा. डीएपी खताच्या 50 किलोच्या गोणीत मूलद्रव्य फॉस्फरस सुमारे 10 किलो असतो. म्हणून ‘एक गोण कमी, दहा किलो क्रेडिट’ असा हिशेब कुणी मांडला तर तो उडवून लावावा. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत फॉस्फरस घट्ट धरला जातो. नदीत जातो तो मुख्यतः पावसात वाहणाऱ्या मातीबरोबर. म्हणजे मोजायची ती माती: बांध, ओढ्याकाठचा गवताचा पट्टा, उताराला आडवी लावण. अंदाज डळमळीत असल्याने अशा क्रेडिटला दोनास-एक गुणक लावतात: शेतातले 2 किलो कमी झाले तरच केंद्राचा 1 किलो माफ. अमेरिकेत कोलोराडोतल्या डिलन जलाशयासाठी 1984 मध्येच असा दोनास-एक गुणक ठरवला होता.

बाजार न चालण्याचं धडधडीत उदाहरण विस्कॉन्सिनमधल्या फॉक्स नदीचं. 1981 मध्ये तिथे कागद गिरण्या आणि शहरं यांच्यात बीओडीचे सौदे करायला परवानगी मिळाली. अटी मात्र अशा, की उत्पादन वाढलं किंवा मर्यादा पाळताच येत नसेल तरच क्रेडिट घ्यायची. नुसती पैशांची बचत हे कारण चालायचं नाही. परवाना पाच वर्षांचा, पुढे वाट्याचं काय होईल कुणालाच ठाऊक नाही. वर्षानुवर्षं तिथे सौदे जवळजवळ झालेच नाहीत.

पुण्याला जवळचं वाटावं असं उदाहरण कनेक्टिकटचं आहे, कारण तिथले सगळे गिऱ्हाईक सांडपाणी केंद्रंच होते. 2002 पासून 79 केंद्रांनी नायट्रोजनची क्रेडिट एका सरकारी पेढीमार्फत घेतली-विकली. प्रत्येक केंद्राला अंतराचा गुणक, वर्षाला एकच जाहीर दर, सौदा शोधत फिरायची गरज नाही. त्यातली मेख अशी, की उरलेली सगळी क्रेडिट पेढीने विकत घ्यायची. विकणारे जास्त झाले की बोजा सरकारी तिजोरीवर. पुण्यात ही अट वगळावी. शिवाय एकाच महापालिकेची दहा केंद्रं आपसांत सौदे करू लागली तर तो बाजार नव्हे, एका खिशातून दुसऱ्या खिशात. दोन्ही महापालिका, कटक मंडळं, पीएमआरडीएच्या हद्दीतल्या वसाहती आणि एमआयडीसीची सामायिक केंद्रं एका खात्यात आली तरच भाव ठरण्याइतके खेळाडू होतात.

दंडाची सोय सुरतेकडून उचलावी. तिथे 2019 मध्ये धुरातल्या धूलिकणांचा क्रेडिट-बाजार सुरू झाला. कारखान्यांनी अनामत आधी भरायची, परवाने कमी पडले की भरपाई त्यातूनच कापायची. कोर्टाची वाट बघायची नाही. दंडाचा दर क्रेडिटच्या चालू भावाच्या निदान दुप्पट असावा, नाही तर दंड भरणंच स्वस्त पडतं.

पहिलं वर्ष रंगीत तालमीचं ठेवावं: मोजणी खरी, खाती खरी, पैसे नाहीत. याच वर्षात मापकं, प्रयोगशाळा आणि बगल-नळ्या यांचं खरं रूप कळतं. पुढेही उजनीचं पाणी लगेच निवळेल असं धरू नये. तळाशी गाळात साठलेला जुना फॉस्फरस, तळ्याच्या खालच्या थरातला ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतो, आणि हे बरीच वर्षं चालतं. योजनेचं यश त्या काळात उजनीकाठच्या भिगवणच्या पाण्याच्या रंगावरून ठरवू नये. धरणात शिरणाऱ्या भीमेत वर्षभर मोजलेल्या टनांवरून ठरवावं.