डीप स्टॉपचा वाद आला कुठून

टेक्निकल डायव्हिंग, म्हणजे थांबत थांबत वर यावं लागणारं खोल डायव्हिंग, करणाऱ्यांच्या बोटीवर मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या सेटिंगचा विषय निघाला, की गाडी शेवटी ‘जीएफ लो किती ठेवतोस?’ इथेच येऊन अडते. हा आकडा जितका लहान, तितका वर येतानाचा पहिला थांबा खोल. 30 ठेवणारा आणि 55 ठेवणारा एकमेकांकडे जरा संशयानेच पाहतात. गॅस तोच, खोली तीच, गणिताचं मॉडेलही तेच. तंटा आहे तो वर येताना पहिल्यांदा कुठे थांबायचं याचा. थांबायचं ते दाबाखाली अंगात विरघळलेला वायू सावकाश निघून जावा म्हणून; नाहीतर त्याचे बुडबुडे होऊन बेंड्स हा आजार होतो. त्यातला खोलवरचा थांबा म्हणजे डीप स्टॉप. आणि तो दिसतो त्याहून जुना आहे.

थांबत थांबत वर यायची पद्धत 1908 सालची, ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतून निघालेली. तिचा सांगावा सरळ होता: आधी भराभर वर या, दाब निम्म्यावर आणा, मग उथळ पाण्यात वेळ काढा. पुढे कोष्टकं बदलत गेली, तरी हा ढाचा टिकला. वर येण्याचा वेग मात्र कधीच तितका काटेकोर शास्त्रातून आला नव्हता. 1950 च्या दशकात अमेरिकन नौदलातल्या फ्रॉगमनना, म्हणजे पोहत काम करणाऱ्या पाणबुड्यांना, मिनिटाला 100 फूट हवे होते आणि जड हेल्मेटवाल्यांना 25 च्या वर नेणं अवघड होतं. तडजोड 60 वर झाली. सेकंदाला एक फूट, मोजायलाही सोपं! त्याच नौदलाने 1993 मध्ये तो निम्मा केला.

डीप स्टॉपची आजची कहाणी सुरू होते ती माशांपासून. पॅसिफिकमध्ये 55-60 मीटरवरून जिवंत मासे पकडणाऱ्या एका मत्स्यशास्त्रज्ञाला वर येताना मध्येच, पहिल्या डेको (डीकॉम्प्रेशन) स्टॉपच्या बऱ्याच खाली, थांबावं लागे. माशाच्या वाताशयातली हवा फुगून तो मरू नये म्हणून सुई टोचून ती सोडावी लागायची. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की ज्या डाइव्हला मासा मिळतो त्यानंतर गळून गेल्यासारखं होत नाही, आणि रिकाम्या हाताने परतलं की दुपारभर अंग मोडून येतं. त्यावरून त्याने नियम बांधला: तळ आणि पहिला स्टॉप यांच्या मधोमध दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि उरलेलं अंतर मोठं असेल तर पुन्हा तेच. निरीक्षण प्रामाणिक होतं, पण एका माणसाच्या थकव्याचं होतं.

त्याला गणिताचं पाठबळ मिळालं ते बबल मॉडेलांतून. जिलेटिनमधले बुडबुडे मोजून बांधलेली ही मॉडेलं म्हणत, बुडबुडा खालीच लहान ठेवा, वर त्रास होणार नाही. कानाला पटणारी गोष्ट. 1990 च्या दशकाअखेर ती कॉम्प्युटरमध्ये शिरली, आणि साधं झेडएचएल-16, म्हणजे फक्त विरघळलेल्या वायूचा हिशेब ठेवणारं मॉडेल, वापरणाऱ्यांनाही ग्रेडियंट फॅक्टर (जीएफ) हाताशी आले: जीएफ लो 10 किंवा 20 केला, की खोल थांबे आपोआप पडत. 2004 मध्ये 25 मीटरच्या डाइव्हवर 15 मीटरला थांबल्यास डॉप्लरला, म्हणजे रक्तातले बुडबुडे टिपणाऱ्या यंत्राला, बुडबुडे कमी दिसतात, असा निष्कर्ष आला आणि हौशी डायव्हरांनाही निम्म्या खोलीवर थांबायला शिकवलं जाऊ लागलं. बुडबुडे मोजणं म्हणजे बेंड्स मोजणं नव्हे, हे तेव्हा फारसं कोणी बोलत नव्हतं. फ्रेंच नौदलाच्या चाचण्यांत डीप स्टॉपचा फायदा दिसला नव्हता, तीही बातमी कोपऱ्यातच राहिली.

मग अमेरिकन नौदलाने बेंड्सच मोजायचं ठरवलं. दाबाच्या टाकीत, पाण्यात बुडालेले स्वयंसेवक. 52 मीटर, 30 मिनिटं, तळाशी पेडल मारण्याचं काम, आणि मग 174 मिनिटांचं डीकॉम्प्रेशन, सगळं हवेवर. दोन्ही गटांचा एकूण वेळ सारखाच ठेवला; फक्त एकाचा पहिला थांबा 21 मीटरला, दुसऱ्याचा 12 मीटरला. खोल थांबणाऱ्या गटात 198 डाइव्हमध्ये 11 जणांना बेंड्स झाले, उथळ थांबणाऱ्यांत 192 मध्ये 3. फरक इतका स्पष्ट होता, की ठरलेली संख्या पूर्ण न करता प्रयोग थांबवला.

सविस्तर अहवाल 2011 मध्ये आला आणि खरा धुरळा तेव्हा उडाला. आक्षेप असे: हवेवर जवळपास तीन तासांचं डेको कोण करतं? डेको लवकर उरकणारा ऑक्सिजन कुठे आहे? नौदलाने वापरलेलं बबल मॉडेल त्यांचं स्वतःचं, बाजारातलं नव्हे. मग आमच्या मॉडेलवर ठपका कसा? आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. पण त्यांनी मूळ मुद्दा हलत नाही. 21 मीटरला थांबल्यावर जलद टिश्यू, म्हणजे वायू पटकन घेणारे आणि सोडणारे शरीराचे भाग, मोकळे होतात खरे, पण संथ टिश्यू तिथेही नायट्रोजन भरतच असतात, आणि वेळ तोच असेल तर त्याची वसुली पृष्ठभागावर होते. वेळ वाढवायचाच असेल, तर तो उथळात का वाढवू नये, याचं समाधानकारक उत्तर बबल मॉडेलवाल्यांकडून मिळालं नाही. संख्या समोर असताना ‘मला तर बरं वाटतं’ हा युक्तिवाद किती वर्षं चालला, याचं नवल वाटतं.

2017 मध्ये ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण) वापरणाऱ्या डाइव्हरांच्या रक्तातल्या दाहाच्या खुणा तपासल्या गेल्या, तेव्हाही खोलवर भर देणाऱ्या पद्धतीचं पारडं जड ठरलं नाही. एव्हाना अनेक जाणत्यांनी जीएफ लो 50 च्या आसपास किंवा वर नेला होता. किती वर न्यायचा, याचा निकाल मात्र लागलेला नाही. नौदलाच्या प्रयोगाने एक टोक चुकीचं ठरवलं. दुसऱ्या टोकाला कुठे थांबायचं हे त्यातून निघत नाही, आणि 70-80 वर जाणारे ते स्वतःच्या हिशेबावर जातात.

मालवणसमोरच्या दहा-बारा मीटरच्या फेरीला याने काही फरक पडत नाही. नेत्राणी किंवा अंदमानात जुना कॉम्प्युटर मनगटावर घेऊन 30 मीटरला उतरणाऱ्याला मात्र वर येताना ‘डीप स्टॉप’ची पाटी अजूनही दिसू शकते. बऱ्याच मशीनमध्ये ती बंद करता येते, फक्त मेन्यूत खोल शिरावं लागतं. बंद केली नाही, तरी ती दोन मिनिटं पाच मीटरच्या सेफ्टी स्टॉपमधून वजा धरायची नाहीत.