गुडघ्यातलं वंगण संपत नाही
गुडघे कुरकुरायला लागले की ‘वंगण संपलं, तूप खा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तूप आतड्यात पचतं, सांध्यात जाऊन पडत नाही. आणि वंगण संपतही नाही. सांध्याच्या आतलं पातळ आवरण ते सतत तयार करत असतं. धडधाकट गुडघ्यातही ते जेमतेम ४ मिलीलिटरपर्यंतच असतं. उलट झिजलेला गुडघा सुजतो तेव्हा हे पाणी वाढलेलं असतं. डॉक्टर कधीकधी ते सुईने काढतात.

झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. त्यात ६५ ते ८० टक्के पाणीच असतं, बाकी मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं. रक्तवाहिन्या नसल्याने ती हाडासारखी भरून येत नाही. तिचं पोषण होतं त्याच वंगणातून: पाऊल टाकलं की स्पंजासारखं पाणी बाहेर, उचललं की परत आत. म्हणून दुखतंय म्हणत महिनोन्महिने बसून राहणं मला तुपाच्या सल्ल्यापेक्षा जास्त घातक वाटतं. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन आटोक्यात ठेवा. फरक त्याने पडतो.

‘गुडघ्यात गॅप आलाय’ हेही उलटंच. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, ती झिजली की दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसते.