स्वादुपिंडाच्या पाचकरसाची कमतरता : तपासणी आणि उपचारांविषयी ग्राहकांसाठी माहिती

शौचातील इलास्टेज या स्वादुपिंडात तयार होणाऱ्या पाचक एन्झाइमची तपासणी करून घेण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या बहुतेक ग्राहकांजवळ डॉक्टरांची चिठ्ठी असते; मात्र ही तपासणी कशासाठी सांगितली आहे आणि तिचा अहवाल कसा वाचायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. निदान आणि उपचार ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे, ही मर्यादा सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

स्वादुपिंड म्हटले की पहिल्यांदा इन्सुलिन आणि मधुमेह आठवतो, पण या ग्रंथीचा बहुतांश भाग पाचकरस तयार करण्यासाठी असतो. निरोगी माणसात रोज एक लिटरहून अधिक रस लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतो. त्यात जठरातून आलेल्या आम्लाची तीव्रता घालवणारे बायकार्बोनेट, पिष्टमय पदार्थांसाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिनसारखी आणि स्निग्ध पदार्थांसाठी लायपेज ही एन्झाइम असतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या पचनाला लाळ, जठर आणि आतड्याचे अस्तर यांचाही बराच हातभार लागतो. स्निग्ध पदार्थांची भिस्त मात्र मुख्यतः स्वादुपिंडाच्या लायपेजवरच असते. त्यामुळे रस कमी पडू लागला की सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बिघडते ते स्निग्ध पदार्थांचे पचन. निसर्गाने येथे शिल्लक भरपूर ठेवली आहे : लायपेजचे प्रमाण नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच शौचातून ठळकपणे चरबी जाऊ लागते. लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बहुधा बराच जुना झालेला असतो, तो याच कारणाने.

अशा वेळी शौच फिकट, सैल, प्रमाणाने जास्त आणि उग्र वासाचे होते, भांड्याला चिकटून राहते आणि पाणी सोडल्यावरही वर तेलकट तवंग दिसतो. पोट फुगणे, वायू धरणे आणि नीट जेवूनही वजन घटणे या तक्रारीही असतात. तथापि सर्वांमध्ये चित्र इतके स्पष्ट नसते. तेलकट खाल्ले की त्रास होतो हे लक्षात आल्यावर अनेक जण नकळत ते टाळू लागतात. जुलाब थांबतात, पण वजन उतरत राहते आणि चरबीत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीराला कमी पडत जातात. हाडे ठिसूळ होणे हा त्याचा एक उशिरा कळणारा परिणाम आहे.

प्रौढांमध्ये दीर्घकालीन स्वादुपिंडदाह हे याचे प्रमुख कारण असून, मद्यपान आणि धूम्रपान यांमुळे तो दाह वाढतो. लहान मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार प्रथम विचारात घेतला जातो. स्वादुपिंडाचा कर्करोग, स्वादुपिंडावरील किंवा जठरावरील शस्त्रक्रिया आणि तीव्र स्वादुपिंडदाहात ग्रंथीचा मोठा भाग नष्ट होणे ही इतर कारणे होत. वजन झपाट्याने उतरत असेल, कावीळ दिसत असेल किंवा उतारवयात अचानक मधुमेह उद्भवला असेल, तर इलास्टेजच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

तपासणीबाबत एक गैरसमज आम्हाला वारंवार दिसतो. रक्तातील अमायलेज आणि लायपेज सर्वसाधारण आले म्हणजे स्वादुपिंड ठीक आहे, असे अनेकांना वाटते. या दोन चाचण्या तीव्र दाह ओळखण्यासाठी उपयोगी आहेत. रसाची कमतरता त्यांवरून कळत नाही. सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय यांतून ग्रंथीची रचना, तिच्यातील खडे आणि नलिकांची स्थिती दिसते, पण ती काम किती करते हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

इलास्टेज हे स्वादुपिंडातच तयार होणारे एन्झाइम आतड्यातून जाताना फारसे तुटत नाही, म्हणून शौचातील त्याच्या प्रमाणावरून ग्रंथीच्या कामाचा अंदाज बांधता येतो. एका ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इलास्टेज असणे सर्वसाधारण मानले जाते. १०० पेक्षा कमी असेल, तर कमतरतेची शक्यता बळावते. १०० ते २०० हा मधला पट्टा संदिग्ध असून, त्याचा अर्थ रुग्णाच्या लक्षणांशी आणि पूर्वेतिहासाशी जोडूनच लावावा लागतो.

आकडा विश्वासार्ह यावा यासाठी नमुना योग्य असणे अत्यावश्यक आहे. पाण्यासारख्या जुलाबात इलास्टेज विरळ होते आणि स्वादुपिंड धडधाकट असूनही आकडा कमी येतो. समजा, जुलाब चालू असताना १४० आकडा आला, तर जुलाब थांबल्यावर घेतलेल्या बांधीव नमुन्यात तोच सहज २०० च्या वर जाऊ शकतो. म्हणून अगदी पातळ नमुना आणल्यास आम्ही तो बदलून मागतो. ग्राहकांना ही अडवणूक वाटते याची आम्हाला जाणीव आहे. नमुना कोरड्या, स्वच्छ भांड्यात धरावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये आणि डबीच्या झाकणाला जोडलेल्या लहान चमच्याने त्यातील थोडासा भाग डबीत घ्यावा. डबी काठोकाठ भरण्याची गरज नाही. शक्यतो त्याच दिवशी ती आणून द्यावी. एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू असल्या, तरी त्या बंद करू नयेत, कारण त्यांतील एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून मिळवलेली असतात आणि ही तपासणी केवळ मानवी इलास्टेज ओळखते.

७२ तासांचे शौच गोळा करून त्यातील चरबी मोजण्याची जुनी पद्धत अजूनही प्रमाण मानली जाते. तिच्यासाठी रोज १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थांचा आहार घ्यावा लागतो आणि दिवसाला सात ग्रॅमपेक्षा अधिक चरबी बाहेर पडल्यास पचनात दोष आहे असे समजतात. ती रुग्णासाठी आणि खरे सांगायचे तर प्रयोगशाळेसाठीही त्रासदायक असल्याने क्वचितच सांगितली जाते. 'कॅप्सूल घेऊन बघा, बरे वाटले तर हाच आजार' हा मार्ग सोपा भासतो, परंतु बरे वाटण्याची इतरही कारणे असू शकतात. त्यामुळे केवळ त्यावर निदान ठरवणे योग्य नाही.

उपचार म्हणजे कमी पडणारी एन्झाइम बाहेरून देणे. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार करतात. ज्यांना याबाबत अडचण आहे, त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. पचनासाठी म्हणून सहज मिळणाऱ्या वनस्पतिजन्य किंवा बुरशीजन्य एन्झाइमच्या गोळ्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. प्रौढांमध्ये साधारणपणे प्रत्येक जेवणासोबत ४० ते ५० हजार एकक लायपेज आणि मधल्या खाण्यासोबत त्याच्या निम्मे, अशी सुरुवात करून पुढे मात्रा वाढवतात. मुलांची मात्रा वजनावरून ठरते.

औषधाचा गुण येणे न येणे बरेचसे वेळेवर अवलंबून असते. कॅप्सूलमधील बारीक कणांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. हे कण अन्नात मिसळून त्याच्याबरोबरच आतड्यात उतरायला हवेत. यासाठी पहिल्या घासाबरोबर एक आणि बाकीच्या कॅप्सूल जेवणाच्या मध्यावर घ्याव्यात. उपाशीपोटी किंवा जेवण उरकून तासाभराने घेतलेली कॅप्सूल जवळजवळ वाया जाते. कण चावू किंवा कुटू नयेत, गरम पेयात टाकू नयेत आणि औषध उष्ण जागी ठेवू नये. नियमाने घेऊनही फरक पडत नसेल, तर डॉक्टर मात्रा वाढवतात, आम्ल कमी करणारे औषध जोडतात किंवा आतड्यात जिवाणूंची वाढ झाली आहे का, हे पाहतात. पचन सुधारल्यावर रक्तातील साखर वाढू शकते, त्यामुळे मधुमेहींनी ती अधिक वेळा तपासावी. स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद करण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. मद्य आणि तंबाखू मात्र सोडावेतच.

उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी अनेक ग्राहक इलास्टेज 'सुधारले का' हे पाहण्यासाठी पुन्हा येतात. कॅप्सूलमुळे हा आकडा वाढत नाही, म्हणून डॉक्टरांनी स्वतंत्रपणे सांगितल्याखेरीज ही तपासणी पुन्हा करू नये. वजन, शौचाचे स्वरूप आणि जीवनसत्त्वांच्या रक्तचाचण्या यांवरून प्रगती अधिक नीट कळते.