डबे तेच, खोली बदलली

मागच्या दिवाळीत भाच्याचा फोन आला, मामा आपले जुने स्पीकर पार गेलेत, नवीन घ्यायचेत, चाळीस हजारापर्यंत जाऊ, कोणते घेऊ ते सांग. कोणते डबे ते मला चांगलं माहिती, दाजींनी पंचवीस वर्षांपूर्वी हैदराबादहून आणलेले, लाकडी पेटी, ८ इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि वर छोटा ट्वीटर (वरच्या स्वरांचा). गंगाखेडकडच्या गावात आक्काच्या माळवदात, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरात, त्याच्यावर कीर्तन लागलं की मृदंगाची थाप छातीत बसायची. आता परभणीत नवीन घर झालं, वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, बैठक १० बाय १० ची आणि उंचीपण १० फूट, आणि त्यात तेच डबे लावले की नुसता घुमारा, बुवांचे शब्द एकमेकांवर चढतात.

मी म्हणलं आधी काही घेऊ नको, मी येतो.

गेलो तर पहिल्यांदा डब्याची जाळी काढून बघितली. पंचवीस वर्षांच्या स्पीकरमध्ये बहुतेक वेळा कोनच्या, म्हणजे पुढंमागं हलणाऱ्या पडद्याच्या, भोवतीची फोमची कडा भुगा होऊन पडलेली असते, तसं असेल तर नवीन कडा बसवून घेतली की काम होतं, अख्खा स्पीकर फेकायची गरज नसते. पण इथं कडा रबराची होती आणि शाबूत होती, बोटांनी कोन हळूच आत दाबला तर आतली तारेची कॉइल कुठं घासत नव्हती. मग मी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी संपली पण आवाज संपेना, झणझण करत भिंतीभिंतीला फिरत राहिला. भाच्याला म्हणलं, तुझे डबे खराब नाहीत बाळा, तुझी खोली वाजतीय.

हे लोकांना पटायला लई वेळ लागतो. आपण घरात बसून ऐकतो तेव्हा स्पीकरमधून थेट कानावर आलेला आवाज हा एक भाग, आणि भिंत, छत, फरशीवर आपटून आलेला दुसरा भाग, आणि मोकळ्या खोलीत हा दुसरा भागच जास्त असतो. माळवदात काय होतं, पांढऱ्या मातीच्या जाड ओबडधोबड भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात ज्वारीची पोती, दांडीवर कपडे, वाकळींची चवड. आवाज तिथं जायचा आणि मुरायचा. टाइल्सवर आणि प्लास्टरवर तो मुरत नाही, जवळजवळ सगळा परत येतो.

याचं गणित पहिल्यांदा बसवलं ते वॉलेस सबीन नावाच्या माणसानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन लेक्चर हॉल झाला होता आणि त्यात मास्तर काय बोलतात ते कुणाला कळत नव्हतं, एक शब्द काढला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबीन हे तिथले फिजिक्सचे तरुण प्राध्यापक. त्यांनी काय केलं, जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. अशा कितीतरी रात्री. त्यातून जे सूत्र निघालं ते आजपण जगभर वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीच्या एकूण शोषणानं भागा, आवाज विरायला किती सेकंद लागतील ते उत्तर. आणि शोषण मोजायचं माप त्यांनी काय धरलं तर उघडी खिडकी, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परतच येत नाही. मला हे माप फार आवडतं, आपल्याकडं कुठल्याही म्हातारीला सांगितलं तरी लगेच समजेल.

आक्काच्या बैठकीचा हिशोब केला. घनफळ २८ घनमीटरच्या आसपास, रिकाम्या खोलीचं शोषण अंदाजे २ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं, म्हणजे सव्वादोन सेकंद. घरात गाद्यांना काय तोटा, परभणी म्हणजे कापसाचा जिल्हा, आक्काकडं पाहुण्यांसाठी कापसाच्या गाद्या कायम रचलेल्या. चार गाद्या भिंतीला उभ्या लावल्या, खाली सतरंजी टाकली. त्यानं साधारण ३ ची भर पडते, एकूण ५, आणि घुमणं एका सेकंदाच्या आत येतं. परत तेच कीर्तन लावलं तर बुवांचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला. भाचा नुसता बघत राहिला. एक रुपया गेला नव्हता. (गाद्या कायम तिथं ठेवता येत नाहीत हे खरं, नंतर जाड पडदे, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीशी एक दिवाण असं करून जवळजवळ तेवढंच साधलं.)

पण खालच्या स्वरांचा घुमारा तरी राहिलाच, आणि त्याचं कारण वेगळं. २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, आवाजाची एक लाट १७ मीटर लांब असते, २०,००० हर्ट्झची पावणेदोन सेंटीमीटरसुद्धा नाही. म्हणून पातळ पडदा वरचे स्वर अडवतो, खालचे त्याला जुमानतच नाहीत. आणि खालच्या स्वरांची लाट जेव्हा खोलीच्या मापात बसते, म्हणजे अर्धी लाट बरोबर दोन भिंतींमध्ये मावते, तेव्हा तो एकच स्वर खोलीत फुगतो. १० फुटाला हा स्वर येतो ५६-५७ हर्ट्झ. आता लांबी १०, रुंदी १०, उंची पण १० असेल तर तिन्ही बाजूंनी तोच एक स्वर फुगणार, मग त्याची दुप्पट ११३, मग तिप्पट. स्पीकर ऐकायला चौकोनी ठोकळ्यासारखी खोली सगळ्यात वाईट ती यामुळं. नवीन घर बांधताय आणि गाण्याचा शौक असेल तर मिस्तरीला आधीच सांगा, एक बाजू दोन-तीन फूट वाढवा.

बांधून झालं असेल तर जागा बदलून बघायची. कोपऱ्यात ठेवलेला डबा खालचे स्वर जास्त देतो कारण चारी दिशांना पसरणारा आवाज भिंती एकाच बाजूला ढकलतात, एका भिंतीजवळ गेलं तरी ६ डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप) वाढ होते आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. आक्काकडं दोन्ही डबे कोपऱ्यात कोंबलेले होते, सुतारानं तसंच कपाट केलेलं. बाहेर काढले, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढं, दोन्ही डबे आणि ऐकणारा असा सारख्या बाजूंचा त्रिकोण. आणि एक गोष्ट जी दुकानातले स्टँड बनवणारे धरतच नाहीत, आपण खाली बसून ऐकतो! सोफ्यावर बसलं की कान मीटरभर उंचीला येतात, सतरंजीवर मांडी घालून बसलं की पाऊण मीटरला. वरच्या स्वरांची लाट छोटी असल्यामुळं ते टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, ट्वीटर कानाच्या वर गेला की झांजेची चमक कमी होते. म्हणून स्टँड बुटकेच हवेत.

एवढं सगळं करून मग भाच्याला म्हणलं, आता घ्यायचेत तर घे नवीन, कारण जुना ट्वीटर जरा कर्कश होता आणि ती गोष्ट गादीनं जात नाही.

दुकानात पहिल्यांदा वॅट सांगतात. पेटीवर ५,००० पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा दावा) असं लिहिलेलं असतं त्या आकड्याला मोजमापाचा काही आधार नसतो, आरएमएस (सतत पेलणारे वॅट) बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा, घरच्या स्पीकरचा साधारण ८४ ते ९० मध्ये असतो. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, त्यामुळं ९० च्या स्पीकरला ५० वॅट पुरत असतील तर ८७ च्याला तेवढ्याच आवाजाला १०० लागतील. आणि आपण घरात नेहमी ऐकतो त्याला तर एक वॅटपण लागत नाही, बाकीचे वॅट लागतात ते मृदंगाची थाप पडते त्या क्षणापुरते. देवळावरचा अहुजाचा भोंगा एवढ्याशा वॅटवर अख्ख्या गावाला ऐकू जातो तो याच सेन्सिटिव्हिटीमुळं, भोंग्याचा आकार छोट्या पडद्याची हवेशी नीट गाठ घालून देतो, पण त्याच्यातून खालचे स्वर येत नाहीत हे आपण हरिनाम सप्ताहात ऐकतोच.

खालच्या स्वराला हवा हलवावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढाच आवाज काढायला कोनला चौपट अंतर पुढंमागं व्हावं लागतं. म्हणून मुठीएवढा ब्लूटूथ डबा कितीही भारी असला तरी ५० हर्ट्झ नीट देऊ शकत नाही, तो वरची कंपनं देतो आणि खालचा स्वर आपला मेंदू भरून काढतो. आपल्या मृदंगवाल्यांना हे आपसूक माहिती, डाव्या पुडीला ओली कणीक लावतात ना, कणकेच्या वजनानं कातडं सावकाश हलतं आणि धुम् खाली उतरतो. वूफरचा कोन जड आणि ट्वीटरचा पडदा हलका ठेवतात त्यामागं तेच कारण. आपल्या वाद्यांच्या शाईमुळं, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपामुळं, कातड्यातून सुरेल स्वर कसे येतात यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच लिहून ठेवलंय.

मग ऐकून निवडायचं, पण सांभाळून. दोन स्पीकरमध्ये एक डेसिबलभर मोठा वाजला तरी तोच चांगला वाटतो, म्हणून दुकानदाराला सांगून आवाज सारखा करून घ्या, फोनवर डेसिबल मोजायचं फुकट अ‍ॅप असतं तेवढं पुरतं. आणि डोळे मिटून ऐका. कॅनडात आणि नंतर अमेरिकेत फ्लॉइड टूल या आवाजाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले. न बघता ऐकलं की बहुतेकांना एकच प्रकार आवडतो, जो सगळे स्वर सारखे देतो आणि बाजूला बसलेल्यालाही जवळपास तसाच ऐकू येतो. १९९४ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर झाकून आणि उघडे ठेवून दोनदा ऐकवले, तर पेटी आणि नाव दिसल्याबरोबर लोकांचे मार्क बदलले. ही सगळ्यांच्याच कानांची गोष्ट आहे, जाणकारांच्यासुद्धा.

काय लावून ऐकायचं? ओळखीच्या माणसाचा आवाज. भाच्यानं आक्काचं जात्यावरच्या ओव्या म्हणतानाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेलं होतं, चांगल्या माईकवर घेतलेलं, आणि तीन दुकानांत तेच लावलं. एका ठिकाणी आक्काला सर्दी झाल्यासारखं वाटलं, दुसरीकडं स सगळे शिट्टीसारखे, तिसऱ्या जोडीत आक्का होती. तीच घेतली, साडेसहा इंची वूफर, ८७ डेसिबल, २६ हजार. अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) जुनाच ठेवला. वायर महागाची नको म्हणलं, पाच मीटरपर्यंत घरच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली.

उन्हाळ्यात परत गेलो होतो, बाहेर ४२-४३, कूलर पूर्ण जोरात. साठेक डेसिबलचा कूलर चालू असला की तंबोरा कुठल्याच स्पीकरवर ऐकू येत नाही, त्यामुळं ते रात्री अकरानंतर, कूलर बंद करून, अंगणाकडचं दार सताड उघडं टाकून बसतात. दोन चौरस मीटरचं ते दार म्हणजे सबीन यांच्या मापात पूर्ण दोन. फरशीवर भाच्यानं डब्यांच्या जागी खडूच्या खुणा केल्यात, आणि आक्का सकाळी झाडताना डबे सरकवते आणि परत बरोबर खुणेवर ठेवते.