ओल्या रुमालाने वणव्याचा धूर अडत नाही
धूर आला की नाकाला ओला रुमाल बांधा, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. ओल्या कापडाने राख थोडीफार अडते. खरा धोका मात्र २.५ मायक्रॉनहून लहान कणांचा. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक असलेले हे कण कापडाच्या विणीतून, कडेच्या फटींतून थेट फुप्फुसात उतरतात. आणि लांबवर पोचतात तेही हेच, जड राख वाटेतच खाली बसते. जून २०२३मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने शेकडो किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं!

बाहेर जावंच लागलं तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. घरात खिडक्या बंद ठेवा, काहीही जाळू नका. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क नीट बसत नाही. त्यांना कृपा करून घरातच ठेवा.