मे महिन्यातलं जंगल मोजायला हवं

एखाद्या व्याघ्रप्रकल्पात किती वाघ राहू शकतील, या प्रश्नाचं उत्तर आपण सहसा चौरस किलोमीटरमध्ये शोधतो. पूर्व राजस्थानात हे उत्तर फसवं ठरतं. रणथंबोर आणि सरिस्का ही दोन्ही शुष्क पानझडी वनं. पाऊस जवळजवळ सगळा जून अखेर ते सप्टेंबर एवढ्यात पडून जातो आणि उरलेलं वर्ष जंगल साचलेल्या पाण्यावर काढतं. सप्टेंबरमध्ये हिरवागार दिसणारा उतार मे महिन्यात नुसता तापलेला दगड असतो. म्हणून मोजायचंच असेल तर मेमधलं जंगल मोजावं.

वाघाचा हिशेब तसा सोपा आहे. एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं मारतो. कळपांतून वर्षाला दहाएक टक्क्यांपर्यंतच उचल झाली तर ते टिकतात. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० खुरी प्राणी हवेत. रशियाच्या अतिपूर्वेला भक्ष्य इतकं विरळ आहे, की एका वाघिणीला ४०० चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख लागतो. भारतातल्या भरल्या जंगलात २० चौरस किलोमीटरमध्येही भागू शकतं. कोरड्या जंगलात गोची अशी, की हे ५०० प्राणी बारा महिने सगळीकडे पसरलेले नसतात. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बराच काळ काढतो. चितळाला मात्र रोज पाणी लागतं आणि सांबरही पाण्यापासून फार लांब राहत नाही. ऊन चढलं की ते पाणवठ्यांभोवती गोळा होतात आणि त्यांच्यामागे वाघ.

चाऱ्याचीही तीच कथा. रणथंबोरच्या उतारांवर सर्वाधिक दिसणारं झाड म्हणजे धोक, आपल्या धावड्याच्याच कुळातलं. जिथे माती जेमतेम वीतभर आहे अशा खडकातही ते उभं राहतं. उन्हाळ्यात त्याच्यावर पान नसतं आणि पहिल्या पावसानंतर काही दिवसांत अख्खा डोंगर पालवतो. गुरांनी सतत ओरबाडलं तर हेच झाड जमिनीलगत पसरून झुडूप होऊन बसतं, मरत मात्र नाही. चिवटपणात त्याला तोड नाही. पण जंगलाचं छत कुठे आणि खुरटं रान कुठे, हे शेवटी गुरांच्या वाटांवर ठरतं.

रणथंबोरचं भाग्य असं, की किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या काळी बांधलेले पदम तलाव, राजबाग आणि मलिक तलाव आहेत. सांबरं पोटापर्यंत पाण्यात शिरून पाणवनस्पती खातात. त्याच तळ्यांत मगरी आहेत. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात चंगेज या नावाने ओळखला जाणारा वाघ या सांबरांवर थेट पाण्यात झेप घ्यायचा. मछली वाघिणीची मगरीशी झालेली झुंज तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अभयारण्यांत रणथंबोर होतं.

मग जंगलभर बोअर मारून, सौरपंप बसवून पाणवठे केले तर? भारतात हा उपाय सर्रास होतो आणि टंचाईत तो जीवही वाचवतो. तरीही तो निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात कोरड्या उत्तर भागात कृत्रिम पाणी दिलं गेलं. पाण्यामागे झेब्रे आणि वाइल्डबीस्ट आले, त्यांच्यामागे सिंह आले आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या रोन नावाच्या दुर्मीळ कुरंगाची संख्या कोसळली. पुढे उद्यानाने असे कित्येक पाणवठे स्वतःच बंद केले. थरच्या वाळवंटातही याचंच दुसरं रूप दिसतं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं, गवताळ माळ शेतीखाली गेले आणि सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्या ओळखीच्या असलेल्या माळढोक पक्ष्याची जागा आक्रसली. विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या पक्ष्यांनी हे संकट आणखी वाढवलं. जैसलमेर-बारमेरमधलं मरू राष्ट्रीय उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. तिथला कोरडेपणा ही उणीव नाही, तोच तिथला अधिवास आहे.

सरिस्क्यात २००५ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. त्याला कारण मात्र पाणी नव्हतं. शिकारी टोळ्यांनी जंगल रिकामं केलं होतं. जून २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने पहिला वाघ आणला गेला, पण पिल्लं दिसायला २०१२ उजाडलं. विष्ठेतल्या संप्रेरकांच्या तपासणीत वाघांच्या ताणाचा संबंध माणसांच्या वावराशी दिसून आला. इथे पुन्हा पाण्याशीच येऊन पोचतो आपण. दऱ्यांत झरे, म्हणून तिथेच गावं आणि गुरं. पांडुपोलच्या हनुमानाला येणारी गर्दीही तिथलीच. वाघाला आणि माणसाला एकच दरी हवी असते.

रणथंबोरची अडचण याच्या उलट. तिथे वाघ आहेत, पण बाहेरून नवं रक्त येत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या जनुकीय अभ्यासात हे वाघ बरेच अंतःप्रजनित, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संकरातून जन्मलेले, आढळले. निसर्गात यावर उपाय असतो तो तरण्या नरांच्या भटकंतीचा. २०१० मध्ये रणथंबोरचा एक वाघ थेट भरतपूरच्या पक्षी उद्यानात पोचला; पुढे त्याला सरिस्क्यात हलवलं. आणखी एक रामगढ विषधारीत गेला आणि २०१८ मध्ये मुकुंदऱ्यात सोडला गेला. असे वाघ बनास-चंबळ नद्यांच्या काठाने, घळींच्या आडोशाने चालतात. मुकुंदरा २०१३, रामगढ विषधारी २०२२ आणि धोलपूर-करौली २०२३ हे नवे व्याघ्रप्रकल्प याच पट्ट्यात आहेत. माझ्या मते नकाशावरच्या या नव्या रंगांपेक्षा त्यांच्यामधल्या घळी जास्त मोलाच्या आहेत, आणि नेमक्या त्याच कुठल्याही प्रकल्पाच्या कोअर, म्हणजे कडक संरक्षणाच्या गाभा क्षेत्रात मोडत नाहीत. सपाटीकरण करून घळींची शेतं होतात, नदीपात्रातून वाळू उपसली जाते. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गावर रणथंबोरच्या बाजूला प्राण्यांसाठी वरून जाणारे पूल बांधले आहेत. पण पुलाच्या दोन्ही टोकांना झाडोरा राहिला नाही, तर वाघ त्या पुलापर्यंत पोचणारच नाही.